गाठीजवळचं लाकूड

खुर्चीवर बसायच्या आधी काका ती खुर्ची तपासून घेत. एका पायावर कलती करत, पाठीवर तळहाताने दाब देत, कान खाली नेऊन ऐकत आणि मग "चालेल" म्हणून बसत. स्वतःच्या घरातली, वीस वर्षं रोज बसायची खुर्ची असली तरी हे चुकायचं नाही. मी त्यांच्याकडे राहायला गेलो त्या सकाळी त्यांनी मला जिन्यातच थांबवलं, माझ्या नव्या बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि म्हणाले, "उजवीकडची शिवण जाणार. पावसाळा काढील, दिवाळी नाही काढणार." मला राग आला. नोकरी लागल्यावर स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू होती. दिवाळीला गावी निघालो तेव्हा हावड्याच्या फलाटावर उजवीकडची शिवण गेली.

त्यांना दिसायचं. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे आणि ते नीट सांगायचं आहे. कारण शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाच ते पटेनासं झालं, आणि त्याला मी कारण आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. जालन्याच्या मोंढ्यात माझे वडील पोती उचलायचे. आमच्या भावकीत पदवीचा कागद पहिल्यांदा मी घरी आणला. बी.एस्सी., भौतिकशास्त्र, पहिला वर्ग. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला; कुंकू लागेल म्हणून दोन दिवसांनी मी तो काढून फायलीत लावला. याचा मला अभिमान होता आणि आहे, लपवण्यात अर्थ नाही. परीक्षा देऊन कस्टममध्ये लागलो आणि नेमणूक आली कोलकात्याची, खिदिरपूरच्या गोदीत. ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही, मेसमधला मोहरीच्या तेलाचा वास सहन होत नाही. गणपतीत मराठी मंडळी जमतात असं कळलं म्हणून तिथे गेलो. सगळे आरतीला उभे होते आणि एक उंच, वाळका म्हातारा मांडवाच्या मागे जाऊन बांबूच्या गाठी ओढून बघत होता.

"हे कोण?" मी शेजारी उभ्या असलेल्या बँकेतल्या साहेबांना विचारलं.

"ते होय. पंचेचाळीस वर्षं झाली त्यांना इथे. जरा विक्षिप्त आहेत, पण त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. मराठी मुलाला देतात. बघा विचारून."

विचारलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय शिकलायस?"

"बी.एस्सी."

"बरं, बीएस्सी. उद्या सकाळी ये."

त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी पडलं. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर ते मला आठवत नाही.

काका मालवणकडचे. आठवीत शाळा सोडून चुलत्याच्या मागे कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत क्रेनचे तारेचे दोर, साखळ्या आणि आकडे तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं. त्याची रीत त्यांनी मला एकदा दाखवली होती. हातात सुती फडका सैल धरायचा आणि दोरावरून सावकाश फिरवत जायचं. आत एखादी बारीक तार तुटली असेल तर ती फडक्याला धरते. "फडका अडकला की थांबायचं. मोजायचं. किती अडकल्या आणि किती अंतरात अडकल्या. मग खडूने गोल करायचा." निवृत्तीनंतरही त्यांच्या खांद्यावर एक फडका असायचा. मासी तो धुवायला मागायची, ते देत नसत.

मासी म्हणजे त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करणारी बाई. वय साठीचं, आवाज दणकट. दोघांचं भांडण रोज माशांवरून व्हायचं. काकांच्या मते गंगेतल्या इलिशला समुद्राच्या माशाची चव नाही, नुसतं तेल आणि काटे. मासी कढईवर झाकण आपटून म्हणायची, "दादा, तुम इलिश का कुछ नहीं समझेगा. तुम सिर्फ रस्सी समझेगा." यावर काका खूश व्हायचे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं. "वजन पेलेल की नाही याची खात्री नव्हती," म्हणाले. कुणाचं वजन, हे मी विचारलं नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळी होती आणि तिच्यावर तुटलेल्या वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या. छत्रीची काडी, चष्म्याची दांडी, कुलपाचा आकडा, झाऱ्याचा दांडा. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावर तुटण्याचं कारण, त्यांच्या आठवीतल्या गोलसर अक्षरात. 'गंज आतून.' 'वाकवून सरळ केली, पुन्हा वाकवली.' 'लाकूड बरं, खिळा चुकीचा.' माझ्या बॅगेचा पट्टाही तिथे लागला. 'दोरा कुजका. मुलाचा दोष नाही.'

दुर्गापूजेच्या आठ दिवस आधी ते घरात सापडत नसत. गल्लोगल्ली बांबूचे मांडव उभे राहत आणि काका खाली उभे राहून वरच्या माणसांना ओरडून सांगत, कुठली गाठ फिरून बांधायची. माणसं आधी हसत, मग बांधत. पूजा सुरू झाली की मात्र ते एकाही मांडवात जात नसत. बाहेरच, मांडव कोसळला तर पोचणार नाही इतक्या अंतरावर उभे राहून देवीला नमस्कार करत. लिफ्टमध्ये ते पाय ठेवत नसत. डोक्यावर काही लटकत असेल तर रस्त्याची बाजू बदलत. मला वाटायचं, एवढं भय घेऊन हा माणूस जगतो कसा.

त्या भयाचं कारण मला वर्षभराने कळलं. रविवारची दुपार होती, मासी गेली होती, आम्ही दोघे मटार सोलत होतो. त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी क्रेनने लोखंडी पेट्या उचलताना एक दोर तुटला. खाली बिहारकडचा एक मजूर होता. तो जागच्या जागी गेला. दोन मुलींचा बाप. तो दोर काकांनी दोन दिवस आधी तपासून 'ठीक' लिहिलं होतं.

"चौकशीत काय निघालं?"

"वजन जास्त भरलं होतं. माझ्यावर ठपका नाही आला." एक शेंग त्यांनी उघडून तशीच ठेवली. "साहेबांनी सांगितलं, तुमचा दोष नाही. युनियनने सांगितलं. त्याच्या बायकोलासुद्धा तेच सांगितलं सगळ्यांनी. सगळ्यांना माहीत आहे. मला नाही माहीत. फडका अडकला नाही, की अडकला आणि मला समजलं नाही, हे कोण सांगणार? दोर तर वितळवून टाकला."

त्यांनी वेळेआधी नोकरी सोडली होती, हेही तेव्हाच कळलं.

धनुष्याची गोष्ट माझ्या मोबाइलवरून सुरू झाली. एक परदेशी म्हातारा लाकडाच्या सरळ फळीतून धनुष्य करतो, असा एक व्हिडिओ मी बघत होतो. काका मागून येऊन उभे राहिले. भाषा कळत नव्हती म्हणून त्यांनी आवाज बंद करायला लावला आणि तो व्हिडिओ ओळीने चार वेळा पाहिला. नंतर मी घरी आलो की आधी मोबाइल मागायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "मी जन्मभर केलं तेच हा करतो बघ. मी बघायचो, तुटेल का. हा बघतो, वाकेल कुठवर. नजर तीच लागते." थोड्या वेळाने म्हणाले, "एक करून बघतो."

गोदीच्या मागे एक वखार आहे. परदेशातून यंत्रं ज्या पेट्यांत येतात त्या पेट्या फोडून तिथे फळ्या विकतात. काकांना फळी निवडायला तीन आठवडे लागले. प्रत्येक फळी कडेने डोळ्याशी धरायची, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता जातात का ते बघायचं, ठेवून द्यायची. वखारवाला शेवटी वैतागला. "दादा, लकड़ी ले रहे हो कि बहू देख रहे हो?" तिसऱ्या आठवड्यात एक फिकट, जड, सहा फुटी फळी घेऊन ते ट्रामच्या जुन्या रुळांवरून चालत घरी आले. मागच्या खोलीतली खाट त्यांनी बाहेर काढली आणि तिथे काम मांडलं.

हे काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धनुष्याच्या मधोमध मूठ असते आणि दोन्हीकडे दोन हात. वरचा हात, खालचा हात. बाहेरची बाजू म्हणजे पाठ, आपल्याकडची म्हणजे पोट. पाठीला हत्यार लावायचं नाही. लाकूड काढायचं ते पोटाकडून आणि अगदी थोडं थोडं. आधी कानशीने, मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडून. हात सारखे वाकले पाहिजेत. जिथे वाकत नाही तिथलं लाकूड काढायचं. जिथे जास्त वाकतं तिथे बोटही लावायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

काकांनी भिंतीवर एक फळी उभी ठोकली, तिच्यावर मूठ बसेल अशी खाच केली, खाली एक कप्पी लावली. धनुष्याची दोरी कप्पीतून खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणली. म्हणजे तिकडे उभं राहून दोरी ओढायची आणि समोर धनुष्य कसं वाकतंय ते पूर्ण बघायचं. भिंतीवर कोळशाने आडव्या-उभ्या रेघा मारल्या, डावं-उजवं ताडून बघायला. या सगळ्याला इंग्रजीत एक शब्द आहे, मी त्यांना सांगितला होता. त्यांनी तो कधी वापरला नाही. ते 'शिकवणी' म्हणायचे. "आज शिकवणी आहे, मासी, मला हाका मारू नको."

चार इंच ओढायचं. बघायचं. ताठ जागेवर पेन्सिलीने तिरक्या रेघोट्या. उतरवायचं, काचेने रेघोट्या पुसल्या जातील एवढंच खरवडायचं. पुन्हा चढवायचं, तीस वेळा हलकं ओढून सोडायचं. "लाकडाला कळायला वेळ लागतो," ते म्हणत. "आत्ता काढलं ते त्याला आत्ता नाही कळत." मग पुन्हा बघायचं. एका रविवारी अर्धा इंच पुढे. कधी तेवढंही नाही. अठ्ठावीस इंचांपर्यंत न्यायचं होतं.

मी दाराशी बसून बघायचो. कधी बोलायचो. "काका, हे सरळ गणित आहे. जाडी माहीत असली की वाक काढता येतो. आम्हाला होतं ते."

"तुमच्या गणितात लाकडाला गाठ असते?"

"नसते."

"मग ते धनुष्याचं गणित नव्हे रे बीएस्सी. ते पट्टीचं."

मी हसलो. पण खरं सांगतो, मला लागलं. या घरात माझ्या पदवीची किंमत कधी झाली नाही. माझे वडील, ज्यांना सही करता येत नाही, ते मी बोलायला लागलो की गप्प बसून ऐकतात. आणि हा आठवीत शाळा सोडलेला माणूस माझी पदवी हाकेसारखी वापरतो.

एकदा शिकवणी झाल्यावर त्यांनी दोरी हातात धरूनच मला जवळ बोलावलं. "हे अठ्ठावीसला आलं आणि तुटलं नाही, तर मी समजेन माझी नजर बरी होती. त्या दिवशीसुद्धा बरी होती. नाही आलं, तर तेही समजेन." त्यांच्या आवाजात काही नाटक नव्हतं. "मग काय करायचं ते मला माहीत आहे."

"काका, एका धनुष्यावरून असं ठरत नसतं."

"तुझ्या कॉलेजात नसेल ठरत."

बावीस इंच झाले त्याच सुमाराला त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. आधीपासून होता, ते सांगत नव्हते. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि पडला, तेव्हा मासीने पकडलं. "दिसतंय मला," ते म्हणत. "क्या दिसता है? कप नहीं दिसता, टेबिल नहीं दिसता." शेवटी मीच समजूत घातली. शेवटचे सहा इंच सगळ्यांत कठीण, ते स्वच्छ डोळ्याने करा. ते त्यांना पटलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकणं, जोर लावणं आणि धूळ बंद केली. मागच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली. रोज तासभर खिडकी उघडायची, लाकडाला दमट हवा लागू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

दुसऱ्या आठवड्यात मी जाडी मोजायचं व्हर्नियर विकत आणलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते साधन मला सगळ्यांत आवडायचं. त्याच्याशी कुणी हुज्जत घालू शकत नाही. एका रविवारी मासी काकांना तपासणीला घेऊन गेली आणि मी दर दोन इंचांवर दोन्ही हातांची जाडी मोजून वहीत लिहिली. मुठीपासून टोकाकडे आकडे छान उतरत गेले होते. फुटक्या काचेने, एका डोळ्याने केलेलं काम, आणि आकडे छान उतरत गेले होते. फक्त खालच्या हातावर एका जागी, टोकापासून वीतभर अलीकडे, जाडी जवळजवळ तीन मिलिमीटर वाढलेली. तिथे तुरीच्या डाळीएवढी गाठ होती आणि भोवती पेन्सिलीचा गोल.

मला वाटलं, सापडलं. मोतीबिंदूमुळे इथे राहून गेलं. गोल कशासाठी केला असेल हे मला माहीत नव्हतं. रेघोट्या म्हणजे काढा, हे माहीत होतं. गोलाचा अर्थही तसलाच काही असेल असं धरलं. घरी आल्यावर त्यांना विचारता आलं असतं. विचारलं असतं तर बीएस्सीला माहीत नाही, असं झालं असतं. मी काच घेतली आणि अर्धा तास खरवडत बसलो. आकडा शेजारच्या आकड्यांत बसला तेव्हा मला फार बरं वाटलं. नव्या डोळ्याने बघतील आणि म्हणतील, हे कुणी केलं. मग सांगू. खाली पडलेली भुकटी झाडून मी खिडकीबाहेर टाकली. गोल त्या भुकटीतच गेला.

महिना झाल्यावर काकांनी नवा चष्मा लावला आणि आंघोळ करून मागच्या खोलीत गेले. मासी दाराशी येऊन उभी राहिली. त्यांनी धनुष्य हातात घेऊन बघितलंच नाही. त्यांना घाई झाली होती. सरळ चढवलं, दोरीच्या टोकाशी गेले आणि ओढू लागले. दहा. चौदा. वरचा हात कमानीसारखा वाकत होता. खालचा हात एका जागी कोपर मोडावं तसा वाकला. मी ते पाहिलं. त्यांनीही पाहिलं असणार, पण थांबण्याआधी दोरी अठराच्या पुढे गेली होती. काडी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला.

त्यांनी दोरी सावकाश सोडली. धनुष्य काढून खिडकीशी नेलं. पोटावर, गाठीच्या अलीकडे, केसाएवढी आडवी रेघ उमटली होती. लाकूड आतून चुरलं होतं. त्यावर उपाय नाही. त्यांनी अंगठा त्या जागेवरून फिरवला, दोनदा, तीनदा.

"हात लावला होतास तू?"

"नाही काका."

हे माझ्या तोंडून इतकं पटकन आलं की मलाच ऐकू आलं नाही. मी पुढेही बोललो. "खिडकी उघडायचो फक्त."

"इथे मी जाड ठेवलं होतं. गाठीला जाड ठेवावं लागतं. पेन्सिलीने गोल केला होता, हात लावायचा नाही म्हणून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. नव्या भिंगातून डोळे मोठे दिसत होते. "केला होता ना रे? तू होतास तेव्हा."

आत्ता सांगायचं, असं मी मनात म्हटलं. मासी बघत होती. तीन मिलिमीटर, व्हर्नियर, वही, सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "मला आठवत नाही, काका."

पहिलं खोटं घाबरून बोललो होतो. हे दुसरं विचार करून बोललो.

"मग नसेल केला," ते म्हणाले. "केल्यासारखं वाटलं असेल." त्यांनी त्या जागेवर पुन्हा अंगठा ठेवला. "म्हणजे मला तेव्हा दिसत नव्हतं. दिसतंय असं वाटत होतं."

"आपण दुसरं करू. वखारीत फळी मिळेल."

"फळी मिळेल."

त्यानंतर त्यांनी मागच्या खोलीत पाय ठेवला नाही. मासीने खाट परत आत नेली. ते खुर्चीत बसत, ती न तपासता. मला वाटलं, चार दिवस जातील, मग सांगू. मग म्हटलं, महिन्याभराने, ते सावरले की. अशी कारणं मला भरपूर सुचतात, शिकलेला माणूस आहे.

एका संध्याकाळी ड्युटीवरून आलो तर मासी जिन्यात बसली होती. माझीच वाट बघत होती. तिने सांगितलं ते असं. सकाळी दादा म्हणाले, माझ्याबरोबर चल, रस्ता ओलांडताना हात धर. गोदीच्या मागच्या वस्तीत त्या मेलेल्या मजुराची बायको राहते, तिच्या दारात गेले. ती पोळ्या करत होती. दादांनी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं आणि हात जोडून म्हणाले, दोर मी तपासला होता. मला नीट दिसत नव्हतं आणि मी ठीक लिहिलं. वजनाचं सगळं खोटं आहे. दोष माझा.

"मग? ती काय म्हणाली?"

"रोटी जल गया, उसको मालूम नहीं हुआ." मासीने पदराने नाक पुसलं. "फिर बोला, ग्यारह साल से मैं बेटियों को समझाती हूँ कि किसी का कसूर नहीं था. अब क्या समझाऊँ? फिर बोला, आप जाइए. और दरवाज़ा बंद कर दिया." मग तिने मला विचारलं, "बाबू, सच में दादा का गलती था?"

मी जिना चढून वर गेलो. काका खिडकीशी बसले होते. मी खोलीतून व्हर्नियर आणि वही आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. कुठल्या रविवारी, किती वाजता, किती मिलिमीटर, कुठली काच, भुकटी कुठे टाकली. गोल मी खरवडला, तुम्ही जाड ठेवलं होतं, तुमचं बरोबर होतं. मी रडलो नाही, कारण रडलो तर आकडे नीट सांगता आले नसते.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. वही हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, माझं अक्षर बघितलं.

"कधी लिहिलंस हे? आज?"

"नाही काका. तेव्हाच."

"मासीने सांगितलं ना तुला, आज कुठे गेलो होतो ते."

"हो, पण—"

"म्हणून बसून आकडे लिहिलेस." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. रागावले नव्हते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला होता. "मी तुला तेव्हाच विचारलं होतं. दोनदा विचारलं. तू खोटं बोलणारा मुलगा नाहीस. घरात राहिलायस, मी ओळखतो तुला."

मी वडिलांची शपथ घेतली. ते हसले.

"शपथा नको घेऊस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, कळतं मला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, आधार घेत, स्वतःला उठवलं. "पण एक सांगतो, बीएस्सी. जे आपण केलं नाही, ते कधी अंगावर घेऊ नये. फार जड असतं."